मराठीला खिळे देणारं बंदर : पुण्यातल्या मराठी विभागांना आणि ग्रंथालयांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग, जुन्या ग्रंथालयांचे विश्वस्त व ग्रंथपाल, आणि अभिजात मराठीच्या कामाला लागलेले सर्वजण यांस

विषय : बंगालमधलं श्रीरामपूर, तिथलं बंदर, कागद गिरणी आणि छापील मराठी यांचा इतिहास नीट लिहून काढण्याबाबत

स. न. वि. वि.

मी नारायण पेठेत बाइंडिंगचं काम करतो. वडिलांचाही हाच धंदा होता. कॉलेजांची रजिस्टरं, वकिलांचे अंक, प्रबंधांच्या प्रती हे पोटापाण्याचं काम आणि जुन्या पुस्तकांची डागडुजी हे आवडीचं. कागद दोन बोटांत धरला, उजेडासमोर केला, कानाजवळ नेऊन हलवला की तो हातचा की गिरणीचा, खळ कसली, साधारण कुठल्या काळातला, एवढं मला कळतं. त्या नात्यानं हे पत्र लिहितो आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून शिलालेख, ताम्रपट, महानुभावांच्या पोथ्या यांवर पुष्कळ बोललं जातं आहे आणि ते बोललं गेलंच पाहिजे. पण छापील मराठीचा विषय निघाला की आपण तो एका वाक्यात उरकतो : विल्यम केरीनं १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. व्याख्यानांत हेच, लेखांत हेच, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हेच. वाक्य खरं आहे. पण त्यात एक माणूस आहे, एक साल आहे, एक पुस्तक आहे, गाव नाही. आणि त्या गावावाचून ते पुस्तक निघालंच नसतं, असं माझं ठाम मत आहे. पुण्याहून इतक्या लांब, मराठी कोणी बोलत नाही अशा ठिकाणी आपल्या भाषेचं व्याकरण आणि कोश का छापले गेले, याचं उत्तर त्या गावाच्या घाटावर, गिरणीत आणि खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, ओतायच्या भट्टीपाशी सापडतं.

हे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे हुगळी नदीच्या पश्चिम काठावरचं, कोलकात्याच्या वरच्या अंगाला, बराकपूरच्या अगदी समोरचं. १७५५ साली डॅनिश कंपनीनं बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्याकडून परवानगी मिळवून तिथं वखार घातली आणि आपल्या पाचव्या फ्रेडरिक राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर म्हटलं. अलीवर्दी खान हे नाव आपल्याला अनोळखी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी दहा वर्षं बंगाल पिंजून काढला आणि १७५१ साली तह करून ओरिसा व चौथाई मिळवली, ती याच नवाबाकडून. बंगाली आया मुलांना निजवताना आजही बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, आल्याची भीती घालतात. त्या तहाला चार वर्षं होतात न होतात तोच त्याच नवाबानं नदीकाठचा हा तुकडा डॅनिशांना दिला आणि पुढे साठ वर्षांनी त्याच गावात रघुजी भोसल्यांची वंशावळी मराठीत छापली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यावर एक अख्खं सत्र शिकवता येईल.

बंदर म्हणावं तर श्रीरामपूर लहानच. कोलकात्यासारखा पसारा त्याला कधी आला नाही. त्याची ताकद झेंड्यात होती. युरोपात इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांची जहाजं पकडत होते तेव्हा डेन्मार्क तटस्थ होतं. डॅनिश झेंडा लावलेल्या जहाजाला समुद्रात धोका कमी. त्यामुळे खुद्द इंग्रज कंपनीच्या नोकरांनी हिंदुस्थानात साठवलेला खासगी पैसा मालाच्या रूपानं याच बंदरातून युरोपात जायचा. लढाई जितकी लांबे तितकी इथल्या वखारी भरत. कोलकात्यात कर्ज बुडवलेली माणसंही नदीतून वर येऊन इथं राहत, कारण इंग्रजांचा हुकूम या गावात चालत नसे.

तो हुकूम चालत नव्हता म्हणूनच छापखानाही इथं आला. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या खटपटीनं व्यापारात विघ्न येईल अशी तिला धास्ती होती. ऑक्टोबर १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड आपापल्या मंडळींसह आले ते थेट श्रीरामपूरच्या घाटावर उतरले आणि डॅनिश गव्हर्नर ओल बी यानं त्यांना आसरा दिला. जानेवारी १८०० मध्ये केरीही आपलं बिऱ्हाड आणि एक लाकडी छापयंत्र घेऊन तिथं आले. वॉर्ड मुळातले मुद्रक, मार्शमन शाळामास्तर, केरी पूर्वीचे चांभार. धर्मप्रसारासाठी ही माणसं आली होती, हे लपवायचं कारण नाही आणि त्यामुळे त्यांच्या कामाची नोंद घ्यायचं टाळण्याचंही कारण नाही.

मार्च १८०० मध्ये श्रीरामपूरला छपाई सुरू झाली. त्याच महिन्यात, १३ तारखेला, इकडे पुण्यात नाना फडणवीस वारले. पुण्यात इंग्रज रेसिडेंट मॅलेट असताना एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवून गीता छापायचा उद्योग सुरू झाला होता. तो पुण्यात पुरा झाला नाही. कारागीर मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली तिथं गीतेची प्रत छापली गेली. म्हणजे एकाच वर्षी मिरजेत तांब्याच्या पत्र्यावरून गीता निघते आणि बंगालमध्ये सुट्या खिळ्यांनी मराठीचं व्याकरण निघतं. पत्र्यावर कोरलेलं पान तेवढ्याच पानाच्या कामाचं. खिळे मात्र मोडून पुन्हा जुळवता येतात, उद्या दुसरं पुस्तक काढता येतं. आपल्याकडे कोरणारे हात होते, छापायची इच्छा होती, आश्रय देणारे सरदारही होते. खिळे ओतणारी भट्टी आणि सलग कागद पुरवणारी व्यवस्था नव्हती. श्रीरामपूरला या दोन्ही गोष्टी उभ्या राहिल्या. (रोमन लिपीत गोव्यात मराठी त्याआधी दोनशे वर्षं छापली गेली होती, हे मी विसरलेलो नाही. तो वेगळा आणि तितकाच मोठा विषय आहे.)

खिळ्यांचं श्रेय कोणाचं? पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर कर्मकार यांचं. लोहारकामाच्या घराण्यातली ही माणसं. पंचाननांनी आधी चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली खिळे केले होते. श्रीरामपूरला आल्यावर त्यांनी देवनागरी हातात घेतली. इंग्रजीचं काम मोजक्या अक्षरांत भागतं. देवनागरीला काना-मात्रा, जोडाक्षरं, रफार धरून सुमारे ७०० वेगवेगळे ठसे लागत होते. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, कांडी तापवून पाणी द्यायचं, ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा काढायचा. असं ७०० वेळा, आणि सगळे खिळे एका उंचीचे. केसाएवढा फरक पडला तर ते अक्षर छपाईत एक तर फिकं उमटतं, नाहीतर कागद फाडतं. पंचानन काम अर्धं असतानाच वारले. मनोहरांनी ते पुरं केलं आणि पुढे चाळीस वर्षं तिथंच ठसे कापले. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात या दोघांची नावं केरींच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत यायला हवीत.

मग मोडी. १८०५ चं व्याकरण देवनागरी खिळ्यांत आहे, कारण मोडीचे खिळे तेव्हा तयार नव्हते. १८१० साली मराठीचा कोश निघाला तोवर ते तयार झाले होते. पुढे ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ अशी पुस्तकं मोडीतच निघाली. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला खालून लावत जातात. बोरू होता होईतो उचलायचा नाही. शेजारचं अक्षर पाहून आपलं अक्षर वळवायचं. इतकी धावती लिपी चौकोनी शिशाच्या तुकड्यांत तोडून बसवायची म्हणजे कुठं कापायचं आणि कुठं जोडायचं याचा फार बारीक विचार कोणीतरी केला असणार. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. तेच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी बंगाली कारागिरांनी कानस आणि कोरणी घेऊन सोडवले होते. मोडी शिकवणाऱ्या वर्गांत हस्तलिखित पत्रं वाचायला देतात, ते रास्तच आहे. त्यासोबत ही छापील मोडी एकदा विद्यार्थ्यांसमोर ठेवून पाहा. सुट्या अक्षरांची, एका मापाची मोडी नवशिक्याला कितीतरी लवकर लागते.

ही मराठी लिहिली कोणी, हाही प्रश्न आहेच. १८०३ च्या लढाईनंतर कंपनीच्या अंमलदारांना मराठी मुलखाशी रोजचा व्यवहार करावा लागणार, हे दिसत होतं. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवण्याची सोय झाली ती त्यामुळे. केरी तिथं शिकवत आणि त्यांच्यामागे वैजनाथ शर्मा हे मराठीचे मुख्य पंडित होते. व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरींनी त्यांचं ऋण मान्य केलं आहे. राज्य चालवण्यासाठी भाषा हवी, म्हणून भाषेचं पुस्तक हवं, असा तो सरळ हिशोब होता. हेतू कंपनीचा असला तरी शब्द आपले होते आणि ते सांगणारा माणूसही आपलाच होता.

आता माझ्या विषयाकडे येतो, कागदाकडे.

किडीनं खाल्लेलं जुनं पुस्तक मी उसवतो तेव्हा भोक एका पानापुरतं कधीच नसतं. पुठ्ठ्यापाशी टाचणीच्या डोक्याएवढं दार असतं. तिथून कीड आत शिरते, नागमोडी वाट काढते आणि पन्नास-साठ पानांवरचं एकेक अक्षर घेऊन दुसरीकडून बाहेर पडते. कण्यापाशी नासधूस सगळ्यात जास्त, कारण तिथं खळ असते. पीठ शिजवून केलेली खळ म्हणजे किडीला जेवणाचं ताट. म्हणून आम्ही बाइंडर लोक खळ शिजवताना तिच्यात मोरचूद टाकतो. हातकागदाची अडचण अशी की तिथं खळ नुसत्या कण्याला नसते, ती प्रत्येक पानाला असते. लगदा चाळणीवर उचलायचा, ओला ताव भिंतीवर वाळवायचा, मग शाई फुटू नये म्हणून त्याला खळ चोपडायची आणि गुळगुळीत दगडानं किंवा शिंपल्यानं घोटायचं. जुन्नरी म्हणा, दौलताबादी म्हणा, सगळ्यांची रीत थोड्याफार फरकानं हीच. बोरूखाली हा कागद लोण्यासारखा चालतो, पण कसर, वाळवी आणि पुस्तककिडा यांना तो तितकाच प्रिय.

बंगालच्या दमट हवेत तर श्रीरामपूरच्या मंडळींचा नाइलाज झाला होता. तांदळाच्या खळीचा देशी कागद, आणि पुस्तक छापायला महिनोन्‌महिने लागत. शेवटचे फर्मे यंत्रावर असताना पहिले फर्मे किडीनं फस्त केलेले असत. केरी आपली महत्त्वाची हस्तलिखितं सोमल (आर्सेनिक) लावलेल्या कागदावर लिहीत. तो कागद विचित्र पिवळा दिसे, पण त्याच्यामुळेच त्यांच्या बहुभाषी कोशाचे पाच थोरले खंड तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात टिकून राहिले. आपल्याकडच्या हरताळ लावलेल्या पिवळ्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हा उपाय लगेच ओळखू येईल. पण छपाईचे हजारो ताव सोमलात बुडवणं शक्य नव्हतं. विलायतेहून कागद मागवावा तर किंमत परवडत नव्हती आणि तो वेळेवर पोचेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःची कागद गिरणी काढली. कीड सहजी लागणार नाही असा कागद तिथं तयार होऊ लागला आणि ‘श्रीरामपुरी कागद’ या नावानं तो बंगालभर विकला गेला.

लगदा कुटायला जोर लागतो. ओढ्याच्या पाण्यावर चक्की फिरावी असा उतार हुगळीकाठी नाही. मग पायानं फिरवायचं मोठं चाक बसवलं. चाळीस माणसं पाळीपाळीनं त्या चाकावर चढायची. पायरी चढावी तसा पाय टाकायचा, पायरी खाली जायची, पुन्हा पाय टाकायचा, आणि आपण आहे तिथंच. दिवसभर. एके दिवशी त्यातला एक माणूस चाकावर अपघातात मेला. मिशनच्या जुन्या चरित्रांत हे अर्ध्या ओळीत येतं आणि लगेच पुढचा विषय सुरू होतो. त्या माणसाचं नाव दिलेलं नाही. हे पत्र लिहायला मी बसलो त्याचं मोठं कारण ती अर्धी ओळ आहे. ग्रंथांची किंमत आपण लेखकाच्या विद्वत्तेनं मोजतो. पण चाक चालवणाऱ्या माणसांचे पाय, ठसे कापणाऱ्यांचे डोळे आणि भट्टीपाशी शिशाचा धूर छातीत घेणारे हात यांचा हिशोब कोणत्या सूचीत मांडला आहे?

त्या मृत्यूनंतर राणीगंजला कोळशाच्या खाणी सुरू करणाऱ्या विल्यम जोन्सनं वाफेचं इंजिन आणायचा सल्ला दिला. बोल्टनच्या थ्वेट्स आणि रॉथवेल यांच्या कारखान्यातून बारा अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि २७ मार्च १८२० रोजी ते सुरू झालं. हिंदुस्थानात कागदासाठी चाललेलं हे पहिलं वाफेचं इंजिन. हे ‘आगीचं यंत्र’ बघायला लोकांची इतकी रीघ लागली की ते चालवायला विलायतेहून आलेला माणूस हैराण झाला. इथल्या गोऱ्या साहेबांपैकीही अनेकांनी वाफेवर चालणारं यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते याच गिरणीत.

त्याआधी आठ वर्षं मोठी आग लागून गेली होती. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याच्या कागदाच्या कोठारात ती लागली. हजारावर रीम कागद, चौदा भाषांचे खिळे आणि किती तरी हस्तलिखितं त्यात गेली. पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे मात्र राखेतून धड निघाले. वितळलेलं शिसं गोळा करून मनोहर आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांनी काही आठवड्यांत नवे खिळे ओतायला सुरुवात केली. आगीनंतरच्या चार वर्षांत आपली ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि भोसल्यांची वंशावळी निघाली, हे तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की लक्षात येतं.

पुढचं लवकर सांगतो. इंग्रजांनी हे गाव १८०१ मध्ये काही काळ आणि नंतर १८०८ ते १८१५ ताब्यात ठेवलं. लढाई संपली, तटस्थ झेंड्याचं मोल संपलं, बंदर ओस पडलं. १८१८ साली तिथं कॉलेज निघालं, त्याच वर्षी ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र सुरू झालं आणि १८२७ मध्ये डॅनिश राजानं कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ साली डेन्मार्कनं श्रीरामपूर, तरंगमबाडी आणि बालेश्वरची जागा मिळून साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकून टाकली. १८५४ मध्ये हावड्याहून रेल्वे आली. १८५५ साली शेजारच्या रिश्र्याला देशातली पहिली ताग गिरणी निघाली आणि तो सगळा काठ कागदाकडून तागाकडे वळला. मोठ्या कागद गिरण्या पुढे बाली आणि टिटागढला गेल्या.

आज त्या गावात काय चाललं आहे ते पाहा. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयानं आपली माणसं पाठवून स्थानिक लोकांच्या आणि पश्चिम बंगाल सरकारच्या साथीनं सेंट ओलाफचं चर्च दुरुस्त केलं. २०१६ साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा सन्मान मिळाला. १७८६ ची डॅनिश खानावळ पडायला आली होती, तीही उभी करून २०१८ मध्ये लोकांसाठी उघडली. ज्या देशानं हे गाव पावणेदोनशे वर्षांपूर्वी विकलं त्याला त्याची आठवण आहे. बंगाल्यांना ती आहेच, कारण त्यांचं गद्य तिथं वाढलं. त्या गावावर मराठीचाही हक्क आहे, आणि तो सांगायला कोणी जायचं असेल तर पुण्यातूनच जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातून का, तर कागदाचा हा इतिहास आपल्या पायाखालीही आहे. कसब्यातला कागदीपुरा आपण रोज ओलांडतो. तिथले कागदी गोणपाट कुजवून, कुटून, नदीत धुऊन त्याचा कागद करत. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले की हाताला लागतात ते अशाच हातांनी केलेले ताव. १८८५ साली मुंढव्याला मुळा-मुठेच्या काठी डेक्कन पेपर मिलची कंपनी उभी राहिली. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासारखे उद्योगाचं वेड घेतलेले लोक तिच्या मागे होते. ज्या काळात केसरीचे अंक निघू लागले त्याच काळात ही गिरणी निघाली. १९४० मध्ये शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. हे सगळं एका धाग्यात ओवून शिकवलं जात नाही. साहित्याचा इतिहास एका खोलीत, उद्योगाचा दुसऱ्या खोलीत आणि कागद दोन्हीकडे नाही.

माझी पहिली मागणी ग्रंथालयांकडे आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं, भांडारकर संस्था १९१७ पासूनची. इतक्या जुन्या संस्था ज्या शहरात आहेत तिथं १८५० पूर्वीच्या छापील मराठी पुस्तकांची एक सामायिक यादी व्हावी. यादीत नाव, लेखक, साल एवढ्यावर थांबू नका. कागद कसला, पान उजेडासमोर धरल्यावर चाळणीच्या रेघा दिसतात का, जलचिन्ह आहे का, खळ पिठाची की सरसाची, शिलाई मूळची की नंतरची, कीड कुठून शिरली, हेही लिहा. श्रीरामपूरचं पुस्तक कोणत्या कागदावर छापलं, यावरून बंदरात माल कुठून येत होता आणि गिरणी केव्हा नीट चालू लागली हे उलगडत जातं. या नोंदी करायला पदवी लागत नाही, सराव लागतो. तो द्यायला माझ्यासारखे बाइंडर या शहरात अजून आहेत.

मराठी विभागांना विनंती अशी की मोडी वाचणारी, बंगाली थोडी तरी जाणणारी आणि कागदाची पारख असलेली दोन-तीन तरुण मुलं श्रीरामपूरला पाठवा. कॉलेजच्या परिसरातलं केरी ग्रंथालय हा त्या कामाचा मुक्काम. व्याकरण, कोश आणि मोडीतली पुस्तकं यांची पानं त्यांच्या परवानगीनं छायाचित्रित करून आणा आणि सगळ्यांना खुली करा. एका पीएच.डी.चा विषय त्या गावावर द्या, केरींवर नव्हे. कर्मकारांच्या घराण्यावर द्या. वैजनाथ शर्मांवर द्या. चाकावरच्या चाळीस माणसांवर द्या. मिशनची हिशोबवहीच चाळावी लागली तरी चालेल. आणि हेच सगळं कागदीपुऱ्यात व मुंढव्यातही करा. गिरणीत आयुष्य गेलेली माणसं अजून भेटतात. त्यांच्याशी बोलून घ्यायला बाहेरगावी जायचंही कारण नाही, पीएमपीच्या बसनं जाता येतं.

अभिजात मराठीसाठी जो निधी येईल त्यातला मोठा वाटा समारंभ, स्मरणिका आणि मानपत्रांकडे जाऊ नये, असंही मला स्पष्ट म्हणायचं आहे. मी मानपत्रं बांधतो, त्यांच्या किमती मला माहीत आहेत. पन्नास मखमली मानपत्रांच्या खर्चात दोन मुलांचा बंगालचा प्रवास, राहणं आणि चांगला कॅमेरा बसतो.

यादी होईपर्यंत एक करा, आणि हे मी हात जोडून सांगतो. १८५० पूर्वीचं कोणतंही मराठी पुस्तक नव्यानं बांधायला टाकू नका. कटिंग मशीनवर त्याच्या कडा मारू नका. समासासोबत जुन्या वाचकांनी केलेल्या नोंदी जातात आणि जलचिन्हाचा तुकडा पानाच्या टोकाशी असेल तर तोही जातो. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. फाटलेलं पान आहे तसं पातळ सुती कापडात गुंडाळा, सपाट ठेवा, वर वजन ठेवू नका. ज्या ग्रंथालयात हे करायला माणूस नसेल त्यांनी निरोप द्यावा. सुटीच्या दिवशी मी आणि माझा मुलगा येऊन हे काम करून जाऊ, त्याची मजुरी घेणार नाही.

आपला,
नारायण पेठेतला एक बाइंडर
पुणे